यजमानाचा सातवा खेळाडू: व्हॉलीबॉलची ऑलिम्पिक पात्रता आणि टोकियोची ती मॅच

लिफ्टर_बाई
नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे धागे हजारभर प्रतिसाद खातात म्हणून म्हटलं एक व्हॉलीबॉलचा काढून बघू, पाच जण आले तरी पुष्कळ.

विषय जुना आहे पण माझ्या डोक्यातून जात नाही. 18 मे 2016, टोकियो, रिओ ऑलिम्पिकची महिला पात्रता स्पर्धा, जपान विरुद्ध थायलंड. आपल्याकडे दुपारचे साडेतीन-चार वाजलेले, बाहेर रणरणतं ऊन, आणि मी कुठल्याशा अडखळत्या लिंकवर ती मॅच बघत होते. थायलंडनं पहिला सेट घेतला, दुसरा जपान, तिसरा थायलंड, चौथा जपान. पाचव्यात थायलंड 12-6 पुढे. पंधराचा सेट. म्हणजे तीन पॉइंट हवेत फक्त. मी उठून चहा टाकायला गेले हो! परत येऊन बघते तर थाई कोच किआत्तिपोंग पंचांशी हातवारे करतोय, लाल कार्ड, परत लाल कार्ड, आणि शेवटी जपान 15-13.

वाद पेटला तो बदली मागण्यावरून. त्या स्पर्धेत बाकावर टॅब्लेट दिलेला होता, बदली त्याच्यावरून मागायची. पूर्वी कसं, आत येणारी पोरगी नंबरची पाटी हातात धरून साईडलाईनपाशी उभी राहायची, अख्ख्या हॉलला दिसायचं की बदली मागितलीय. टॅब्लेटवर बोट कोणी कधी ठेवलं ते कोणाला दिसणार?

तर प्रश्न असा: अशा पात्रता स्पर्धांत यजमानाला खरंच झुकतं माप मिळतं, की आपण हरणाऱ्याच्या बाजूनं बघतो म्हणून तसं वाटतं? माझं मत ठाम आहे. मिळतं. मी स्वतः भोगलंय, ते खाली लिहीन वेळ मिळाला की.

तर्रीवाला
पहिला! बाकी मला वाटलं लिफ्टर म्हणजे सोसायटीच्या लिफ्टबद्दल काही आहे.

लिफ्टर_बाई
@तर्रीवाला, व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्यासाठी बॉल उचलून देतो तो लिफ्टर. टीव्हीवाले सेटर म्हणतात, काही गावांत बूस्टर म्हणतात. आम्ही लिफ्टरच म्हणायचो, आता पन्नाशीकडे झुकल्यावर बदलणार नाही.

चुनापट्टी
ताई, धागा काढल्याबद्दल तुम्हाला एक नारळ. आमच्याकडे बूस्टरच म्हणतात, आणि आमच्याकडे खरा खेळ शूटिंग. जोडलेल्या हातांनी ठोकायचं, हा सहा जणांचा नाजूक खेळ नंतर शाळेत कळला. जत्रेत रात्रभर शूटिंगच्या मॅचेस चालायच्या हॅलोजनखाली, आणि तिथे यजमान गावाचा पंच म्हणजे काय चीज असते ते मी सांगायला नको. बॉल लाईनीवर पडून चुना उडालेला सगळ्या गावानं बघितला तरी औट. चुना कसा उडाला विचारलं तर म्हणे वाऱ्यानं.

गणितमास्तर
लिफ्टर ताई, थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

व्हॉलीबॉलमधलं लाल कार्ड म्हणजे फुटबॉलसारखं हाकलून देणं नव्हे. नुसतं लाल दाखवलं की समोरच्याला एक पॉइंट आणि सर्व्हिस, बस. सेटपुरतं बाहेर काढायचं असेल तर पिवळं-लाल दोन्ही एकाच हातात धरतात, आणि पूर्ण मॅचसाठी काढायचं तर दोन हातांत वेगवेगळी. म्हणजे कार्डांनी थायलंडचं थेट नुकसान झालं दोन पॉइंटांचं. पण 12-6 वरून जपाननं एकूण नऊ पॉइंट घेतले, थायलंडला मिळाला एक. नवातले दोन कार्डांचे धरा, उरलेले सात कुठून आले? सहा पॉइंटांची आघाडी पाचव्या सेटमध्ये कोणी घालवत असेल तर त्यात पंचापेक्षा फर्स्ट पासचा (समोरची सर्व्हिस उचलून लिफ्टरकडे देण्याचा) हात जास्त असतो.

नेटखालचा
मास्तर, 15 मधून 2 वजा करा. 13-13. आता बोला.

गणितमास्तर
वजाबाकी बरोबर, पण 13-13 म्हणजे बरोबरी, थायलंडचा विजय नव्हे :)

सौ_पनवेल
मला खेळातलं फार कळत नाही, मुलगी शाळेच्या टीमात आहे म्हणून वाचतेय. पण कार्ड मिळाल्यावर पोरींचं चित्त थाऱ्यावर राहील का? पॉइंट दोन गेले हे बरोबर, पण कोच भांडतोय, खेळ थांबलाय, हॉलमध्ये सगळे समोरच्यांच्या नावानं ओरडतायत. हिच्या मॅचला नुसतं तीन मिनिटं लाईट गेले होते तर परत आल्यावर सलग पाच सर्व्हिस नेटमध्ये.

लिफ्टर_बाई
@सौ_पनवेल, अगदी हेच. थाई टीमचा सगळा खेळ लयीवर चालायचा. उंचीनं लहान पोरी, मग उंच ब्लॉकवरून मारून चालायचं नाही, तर त्यांची लिफ्टर नूतसारा तोमकोम बॉल इतक्या उशिरापर्यंत हातात धरल्यासारखा ठेवायची (होल्डिंग मात्र नाही हं, पंचाला बोट दाखवायला जागा नसायची) की समोरची ब्लॉकर आधीच हवेत उडून खाली यायला लागलेली असायची. प्लेउमजित मधून धावत येऊन एका पायावर उडायची, तिच्यामागून विलावन, ओनुमा. तीन जणी एकदम पळत सुटायच्या आणि बॉल चौथीकडे. हे सगळं सेकंदाच्या हिशोबावर. असा खेळ दोन-चार मिनिटं थांबवला की संपलाच.

आणि ही पिढी काय सामान्य नव्हती. थायलंड आशियाई विजेता झालाय 2009, 2013 आणि नंतर 2023 ला. तीनदा! आणि ऑलिम्पिक? एकदाही नाही. आजतागायत.

निशिकासाईकर
टोकियोतून लिहितोय, पंधरा वर्षं झाली इथे. 2016 ची मॅच मी घरी टीव्हीवर बघितली होती, शेजारी जपानी सहकारी होता. शेवटचा पॉइंट पडल्यावर तो आनंदानं ओरडेल असं वाटलं तर गप्प बसला आणि म्हणाला, हे असं जिंकायला नको होतं. दुसऱ्या दिवशी इथल्या नेटवरही असं लिहिणारे बरेच होते. तेव्हा सगळे जपानी मिटक्या मारत होते असं कृपया समजू नका.

आता इथली गंमत सांगतो. महिला व्हॉलीबॉल इथे साधासुधा खेळ नाही. 1964 ला याच शहरात ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाला 3-0 हरवून सुवर्ण घेतलं, त्या मुली कापड गिरणीच्या संघातल्या होत्या बहुतेक, निचिबो काइझुका नाव. कोच दाइमात्सु त्यांना मध्यरात्रीपर्यंत जमिनीवर लोळून बॉल काढायला लावायचा. आजही सत्तरीच्या बायका ते कालच घडल्यासारखं सांगतात. त्यामुळे टीव्हीवाल्यांना ही स्पर्धा म्हणजे सोन्याची कोंबडी. 2004, 2008, 2012, 2016, सलग चार वेळा जागतिक पात्रता स्पर्धा टोकियोलाच. आणि जपानची मॅच कायम संध्याकाळी, दिवसाची शेवटची, लोक ऑफिसातून घरी आले की.

गणितमास्तर
निशिकासाईकर, तुम्ही जाता जाता जे लिहिलंत ना, "दिवसाची शेवटची", खरा मुद्दा तिथे आहे. पंच बिंच राहू द्या बाजूला.

2012 बघा. तीच स्पर्धा, तेच शहर. पहिले तीन संघ पात्र आणि त्यांच्याशिवाय आशियातला सगळ्यात वरचा एक. शेवटच्या दिवशी बाकीच्या मॅचेस उरकल्या, थायलंड आकडेमोड करत बसलेला, आणि शेवटी जपान-सर्बिया. मैदानात उतरताना दोघांनाही नेमकं माहीत की आपल्याला किती पुरतं. निकाल काय? सर्बिया 3, जपान 2. सर्बिया पात्र, जपान हरूनही पात्र, थायलंड बाहेर. थायलंडनं तेव्हा आरडाओरडा केला की जपान मुद्दाम हरला. मुद्दाम हरला असं मी म्हणणार नाही, ते कोणाला सिद्ध करता येणार? पण पेपर द्यायच्या आधी पासिंग किती मार्कांना आहे हे ज्याला कळतं तो पस्तीसच्या पुढे कशाला मरमर करेल.

2016 लाही तेच. शेवटून दुसऱ्या मॅचला इटलीविरुद्ध दोन सेट मिळाले की झालं, एवढं पुरेसं होतं. जपाननं दोन सेट घेतले, रिओचं तिकीट पक्कं केलं, आणि मॅच 2-3 हरले.

तर्रीवाला
म्हणजे आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यातलं नेट रनरेट. "अमुक संघाला तमुक ओव्हरमध्ये जिंकावं लागेल, तमुक संघ हरावा लागेल आणि बंगलोरला पाऊस पडावा लागेल."

नेटखालचा
फुटबॉलवाल्यांनी हे कधीच सोडवलं. 1982 च्या वर्ल्डकपात स्पेनमधल्या हिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया असंच खेळले, जर्मनीनं सुरुवातीलाच एक गोल केला, 1-0 नं दोघांचंही भागत होतं, मग ऐंशी मिनिटं नुसता बॉल इकडून तिकडे. अल्जेरिया बाहेर. त्याच्यानंतर गटातल्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी खेळवतात. व्हॉलीबॉलला काय धाड भरलीय?

निशिकासाईकर
नेटखालचा, आठ संघ, एकच हॉल, एकच कोर्ट. एकाच वेळी खेळवायला दुसरा हॉल लागेल, तिथे दुसरे कॅमेरे, दुसरे पंच. आणि टीव्हीवाला म्हणणार मी एकाच वेळी दोन मॅच कशा दाखवू. पैसे तो देतो.

अकोलेकर_काका
तुम्ही सगळे जपानवर घसरलात. जरा आकडे इकडे पण बघा. 2019 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकसाठी सहा ठिकाणी गट झाले, प्रत्येकी एक जागा. यजमान इटली (कातानिया), चीन (निंगबो), अमेरिका, ब्राझील, रशिया, पोलंड. सहापैकी पाच यजमान पात्र. एकटं पोलंड व्रोत्सवाफला सर्बियापुढे पडलं. आता बोला मास्तर, योगायोग?

गणितमास्तर
काका, यजमानपद मुळात बहुतेक दादा संघांनाच मिळालं होतं. ब्राझील, अमेरिका, चीन हे अकोल्याला खेळवले तरी जिंकले असते.

अकोलेकर_काका
अकोल्याला मे महिन्यात खेळवा, मग बघू कोण जिंकतं ते. 46 डिग्रीत अमेरिकेची टीम दुसऱ्या सेटला उसाच्या रसाच्या गाड्यावर सापडेल.

तर्रीवाला
2019 चा विषय निघालाच आहे तर रशियातल्या कालिनिनग्राडच्या गटाबद्दल मला बोलू द्या, कारण ती मॅच बघून मी रात्री जेवलो नव्हतो. मी कोरियाच्या किम योन-कोंगचा भक्त आहे हे आधीच सांगतो, तेव्हा निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नये.

रशिया-कोरिया, जिंकेल तो ऑलिम्पिकला. कोरियानं पहिले दोन सेट घेतले, तिसऱ्यात 22-18 पुढे. तीन पॉइंट हवेत हो, तीन! लिफ्टर ताईंचा चहा आठवा. तिथून सेट 22-25, म्हणजे कोरियाला पुढे एक पॉइंटही नाही, चौथा 16-25, पाचवा 11-15. आणि वर रशियाच्या इटालियन सहाय्यक कोचनं जिंकल्यावर डोळ्यांच्या कडा बोटांनी ताणून फोटो काढून घेतला. त्यावरून बोंबाबोंब झाली, दोन मॅचची बंदी आली त्याच्यावर.

आता इथे पंचांनी काय केलं? काही नाही. यजमानानं वेळापत्रक वाकवलं? नाही, गटात चार संघ आणि शेवटची मॅच सरळ बाद पद्धतीसारखी. कोरिया स्वतःच्या कर्मानं हरला. मग जानेवारी 2020 ला आशियाई पात्रतेत त्याच पोरी थायलंडला गेल्या, नाखोन रात्चासिमा, हॉल खच्चून थाई लोकांनी भरलेला, किमच्या पोटाचा स्नायू दुखावलेला, आणि फायनल 3-0. किमचे 22 पॉइंट. यजमानाचा सातवा खेळाडू त्या दिवशी कुठे गेला होता?

चुनापट्टी
थायलंड बिचारा घरी पण हरला आणि बाहेर पण.

लिफ्टर_बाई
तर्री, ती फायनल मी बघितली नाही. बघवणार नाही हे आधीच माहीत होतं.

निशिकासाईकर
तर्रीवाले, सातव्या खेळाडूला मी प्रत्यक्ष भेटलोय. 2023 सप्टेंबर, पॅरिसची पात्रता, योयोगीचा हॉल (तोच, 1964 ला बांधलेला, छत झोपाळ्यासारखं लोंबतं). बायको-मुलाला घेऊन ब्राझीलविरुद्धच्या मॅचला गेलो होतो, रविवार होता. दारातच पुठ्ठ्याची घडी देतात, ती हातावर आपटायची. माईकवरचा माणूस सांगतो केव्हा आपटायची. "निप्पॉन! चा-चा-चा!" समोरची पोरगी सर्व्हिसला उभी राहिली की वेगळं संगीत, आपली उभी राहिली की वेगळं. माझा मुलगा आठ वर्षांचा, दुसऱ्या सेटपर्यंत त्याच्या पुठ्ठ्याच्या चिंध्या झाल्या, शेजारच्या आजींनी स्वतःचा काढून दिला.

एवढं सगळं करून काय? आदल्या दिवशी तुर्कस्तानकडून हरले होते, त्या दिवशी ब्राझीलकडून 2-3. तुर्कस्तान आणि ब्राझील पात्र, यजमान तिसरे. मॅच संपल्यावर हॉलमध्ये इतकी शांतता की बॉलच्या जाळ्या गोळा करणाऱ्या पोरांच्या बुटांचा आवाज वरपर्यंत येत होता. कोगा सारिना, कॅप्टन, वाकून चारी बाजूंना नमस्कार करत होती. आजी माझ्या मुलाला म्हणाल्या, पुठ्ठा ठेव तुला.

गणितमास्तर
सुंदर प्रतिसाद. आणि याच स्पर्धेचे बाकीचे दोन गट पण बघा: निंगबोला यजमान चीन, पात्र कोण? डॉमिनिकन रिपब्लिक आणि सर्बिया. पोलंडमधल्या वूचला अमेरिका आणि पोलंड. म्हणजे तीन यजमानांपैकी एक पार झाला, आणि तोही कसा, तर मध्ये थायलंडकडून 2-3 हरून! तेव्हा घरचे पंच कुठे झोपले होते?

अवांतर: पोलंडचा कोच स्टेफानो लावारिनी. हाच माणूस 2019 ला कालिनिनग्राडमध्ये कोरियाच्या बाकावर बसून 22-18 वरून सेट जाताना बघत होता. नंतर कोरियाला घेऊन टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथा आला, उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानला हरवून.

तर्रीवाला
आणि गटात जपानला, जपानमध्ये, पाचव्या सेटला 12-14 वरून 16-14. हे लिहायचं राहिलं मास्तर. भक्तांच्या भावना दुखावतात.

नेटखालचा
सगळं ठीक पण पात्रता स्पर्धेला अर्थ काय उरला तेच मला कळत नाही. इटली त्याच 2023 च्या स्पर्धेत वूचला तोंडावर आपटली, त्यांची स्टार खेळाडू एगोनू संघात नव्हती, भांडणं चाललेली. मग कोच बदलला, वेलास्को आला, एगोनू परत आली, रँकिंगच्या कोट्यातून मागच्या दारानं पॅरिसला गेले आणि फायनलला अमेरिकेला 3-0 धुतलं, सुवर्णपदक. पात्रता परीक्षेत नापास झालेला बोर्डात पहिला.

सौ_पनवेल
@नेटखालचा 😄 आमच्या घरात पण एक आहे असा, प्रिलिमला रडवायचं आणि फायनलला 92.

अकोलेकर_काका
जपान पण त्याच रँकिंगच्या दारानं गेला होता आणि गटातच गारद झाला. तेव्हा दाराला दोष देण्यात अर्थ नाही.

चुनापट्टी
एक बाळबोध प्रश्न. यात आपल्या पोरी कुठे आहेत? एवढा मोठा देश, गावोगाव नेट बांधलेलं दिसतं.

गणितमास्तर
चुनापट्टी, त्या स्पर्धेला 2023 ला जगातले 24 संघच बोलावले होते रँकिंग बघून, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. 2023 ला काठमांडूत मध्य आशिया विभागाच्या स्पर्धेत आपल्या मुलींनी फायनलला कझाकस्तानला हरवलं होतं, पण बातमी शोधून वाचावी लागली. संघात बघाल तर केरळ आणि रेल्वे यांच्याच मुली जास्त. तिथे नोकरी मिळते म्हणून खेळ टिकतो. आपल्याकडे बारावीला नेट सुटलं की सुटलं.

सौ_पनवेल
नेट सुटतं कारण सराव संध्याकाळी सात ते नऊ आणि क्लास पण सात ते नऊ. मैदानाला दिवे नाहीत, पोरगी घरी कशी येणार हा प्रश्न वेगळाच. उंची 5 फूट 8 आहे हिची, कोच म्हणतात अजून वाढेल. नातेवाईक म्हणतात अजून वाढली तर कसं होणार. मी दोघांना हो म्हणते.

लिफ्टर_बाई
सौ पनवेल, नातेवाईकांना सांगा महिलांच्या नेटची उंची 2.24 मीटर आहे, त्यांच्या तोंडांच्या बरीच वर. सोडू देऊ नका तिला.

हं, आता माझं. वेळ मिळालाय म्हणून लिहिते. 2003 सालची आंतरमहाविद्यालयीन झोनची फायनल, यजमान कॉलेजविरुद्ध, कॉलेजचं नाव घेत नाही. मातीचं ग्राउंड, बाजूला मंडपवाल्याच्या खुर्च्या, अख्खं कॉलेज आमच्या कानात ओरडत होतं. पाचवा सेट, 8-8 वरून आम्ही सलग तीन पॉइंट काढले, 11-8. मी सर्व्हिसला. चौथी सर्व्हिस टाकायला बॉल घेतला आणि स्कोररनं शिट्टी मारली. म्हणे यांचं रोटेशन, म्हणजे सर्व्हिसचा ठरलेला क्रम, चुकलंय. तीन पॉइंट रद्द, समोरच्यांना एक पॉइंट आणि सर्व्हिस. 11-8 चं 8-9 झालं दोन मिनिटांत. स्कोरर त्यांच्याच कॉलेजचा, आधीच्या टाइमआउटला त्यांच्या मॅनेजरबरोबर चहा पित होता ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आम्ही 12-15 हरलो. विद्यापीठाच्या संघात निवड त्या मॅचवरून झाली, आमच्यातली एकही नाही. म्हणून तुम्ही मला कितीही टक्केवाऱ्या दाखवा, 12-6 वरून थायलंड हरताना मला ती शिट्टी ऐकू येते.

चुनापट्टी
ताई _/\_. आमच्या वाऱ्यानं उडालेल्या चुन्याचाच मोठा भाऊ हा.

अकोलेकर_काका
वाईट वाटलं वाचून. चहाची वेळ अगदी सूचक!

मागची_डावी
नमस्कार, नवीन सभासद आहे, हा धागा मला व्हॉट्सॅपवर आला म्हणून खातं काढलं. लिफ्टर_बाई, तू कोण आहेस ते मला कळलंय, मी कोण ते तुला नाव वाचून कळेल.

अगं, रोटेशन आपलं चुकलंच होतं. तुला आठवत नसेल पण मला लख्ख आठवतंय कारण सर्व्हिस माझी होती. टाइमआउट झाला, सरांनी सगळ्यांना झापलं, आपण परत आत गेलो आणि तू तावातावानं बॉल उचललास. मी म्हटलं पण, अगं माझी आहे. तू ऐकलं नाहीस, आवाजच तेवढा होता. मग पहिली सर्व्हिस सरळ एस पडली, समोरच्यांना उचलताच आली नाही, मी म्हटलं जाऊ दे, कशाला बोला.

तर्रीवाला
😳😳 पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नेटखालचा
धाग्यानं कात टाकली.

गणितमास्तर
एक तांत्रिक गोष्ट मात्र सांगायला हवी. चुकीची खेळाडू सर्व्हिस करतेय हे स्कोररला दिसलं की बॉल हाताला लागल्याबरोबर त्यानं पंचांना सांगायचं असतं. पहिल्याच सर्व्हिसला. तेव्हा सांगितलं असतं तर 8-8 चं 8-9 झालं असतं आणि कोणाला काही वाटलं नसतं. हा गडी तीन सर्व्हिस होईपर्यंत कागदाकडे बघत बसला. पॉइंटांचा हिशोब दोन्हीकडून तोच, 8-9. पण 11-8 वरून खाली येणं आणि 8-8 वरून येणं यात पोरींच्या मनाचं काय होतं ते सौ पनवेल वर सांगून गेल्यात.

लिफ्टर_बाई
दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. खरं सांगू का, फोन करून भांडले आधी मागच्या डावीशी, मग अर्धा तास हसलो. माझ्या डोक्यात इतकी वर्षं ती सर्व्हिस माझीच होती. अजूनही डोळे मिटले की माझीच आहे.

पण ही बया म्हणते तसं असेल तर असेल. चूक आमची, थांबला तो. मास्तर, तुमचा "थांबला" हा मुद्दा मी फ्रेम करून लावणार आहे.

आणि काल रात्री 2016 चा पाचवा सेट पुन्हा बघितला, पूर्ण, चहा न टाकता. कार्डांच्या आधीच लय गेलेली आहे. एक सोपा बॉल दोघींच्या मधे पडतो, दोघी एकमेकींकडे बघतात. टॅब्लेटचा घोळ त्याच्यानंतर वाढतो. मत बदललं का? अर्धं. पंचांचं आता तेवढं खुपत नाही. सलग चार वेळा एकाच शहरात आणि शेवटची मॅच कायम घरच्यांची, हे मात्र अजून खुपतं.

निशिकासाईकर
मान्य. इथे राहून सांगतो, मान्य.

अकोलेकर_काका
मग तुमच्यासाठी बातमी. लॉस एंजेलिस 2028 ला ही भानगडच ठेवलेली नाही. 2026 चे पाच खंडांचे विजेते थेट, 2027 च्या जागतिक स्पर्धेतून तीन, रँकिंगवर तीन आणि यजमान अमेरिका. झाले बारा. वेगळी पात्रता स्पर्धाच नाही.

नेटखालचा
म्हणजे थायलंडनं आशियाई स्पर्धा जिंकली की थेट? 2023 ला चीनला हरवून जिंकलेच होते की!

तर्रीवाला
तेव्हा तिकीट नव्हतं त्या स्पर्धेला. थायलंडचं घड्याळ कायम एक ऑलिम्पिक मागे.

चुनापट्टी
जाता जाता. येत्या रविवारी आमच्या तालुक्याला मुलींच्या जिल्हा निवडीच्या मॅचेस आहेत, लाईनी मी मारणार आहे, स्कोररला बसायला माणूस मिळत नाहीये. लिफ्टर ताई, येता का? येण्याजाण्याचा खर्च देऊ.

लिफ्टर_बाई
येते. मागची डावी पण येतेय, ती म्हणते तुझ्या शेजारी कोणीतरी रोटेशन कळणारं बसायला हवं. चहा आमचा आम्ही थर्मासमधून आणू.